पावलीप्रामाण्यविचार अर्थात रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीची मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती पाळतो. विषय : रेकॉर्ड प्लेअरची दांडी, दांडीच्या टोकाला बसणारे कार्ट्रिज आणि कार्ट्रिजच्या पोटातून डोकावणारी सुई, या तिघांची मांडणी. प्रयोजन : काही नाही. ज्याला गाणे ऐकायचे आहे त्याच्या खिशात मोबाइल आहे. संबंध : माझ्या सख्ख्या काकांनी, म्हणजे नानांनी, गिरगावातली खोली सोडताना आपले यंत्र माझ्या हवाली केले, एवढाच. अधिकारी : ज्याच्या डोळ्यांना अर्धा मिलिमीटर दिसतो, ज्याचा हात थरथरत नाही आणि रविवारी दुपारी ज्याला घरात कोणी काम सांगत नाही, असा पुरुष. मी यांतल्या एकाही कसोटीला उतरत नाही. परंतु ग्रंथ लिहायला अधिकार लागतो असा नियम मराठीत अजून झालेला नाही.

आता संज्ञा. या सगळ्या सामग्रीला मराठीत एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘पिन’. सुई तुटली तरी पिन गेली, कार्ट्रिज बिघडले तरी पिन गेली, आणि रेकॉर्ड एकाच ओळीवर घुटमळू लागली की पिन अडकली. ग्रामोफोन घराघरांतून गेला तरी पिन अडकलेली माणसे घराघरांत शिल्लक आहेत, त्यामुळे शब्दाला मरण नाही. मात्र शास्त्राला एवढ्याने भागत नाही. ज्याला बाहेरच्या देशांत टोनआर्म म्हणतात त्याला मी येथे दांडी म्हणणार आहे. ‘बाहू’ हा शब्द मनात आला होता, पण बाहू म्हटले की स्फुरण पावणे आले आणि या वस्तूने स्फुरण पावू नये यासाठीच तर पुढचा सगळा खटाटोप आहे. शिवाय दांडी या शब्दात तराजू आहे, आणि पुढे दिसेल की हे यंत्र म्हणजे गाणारा तराजूच होय.

नानांचे यंत्र टेक्निक्सचे, एसएल-१२०० या घराण्यातले, १९७९ साली निघालेल्या दुसऱ्या पिढीचे. आखातात नोकरीला असलेल्या त्यांच्या मेव्हण्याने ते १९८३ साली आणले. त्यावर डेनॉनचे डीएल-१०३ हे कार्ट्रिज. हे कार्ट्रिज १९६२ साली जपानच्या एनएचके या नभोवाणीसाठी तयार झाले आणि आजही जवळजवळ तसेच बनते, ही बाब एकाही पिढीला आपल्या घराचा आराखडा टिकवता न आलेल्या आमच्या कुटुंबाला विशेष वाटते. यंत्र घरी आले तेव्हा झाकण उघडून पाहतो तो हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज ज्यात बसते त्या दांडीच्या डोक्याच्या, पाठीवर पिवळ्या पडलेल्या सेलोटेपने चिकटवलेली एक पावली. २५ पैशांचे नाणे, म्हणजे चार आणे.

पावलीचा इतिहास जुन्या वाचकांना ठाऊक आहे. गॅरार्डच्या यंत्रावर उन्हाने वाकलेली रेकॉर्ड लावली की सुई उड्या मारी. मग घरातला कर्ता पुरुष कनवटीचे नाणे काढून दांडीच्या डोक्यावर ठेवी आणि गाणे पुढे सरके. नानांच्या गॅरार्डवरही पावली होती हे मला लहानपणापासून आठवते. मात्र जपानी क्वार्ट्झ मोटरच्या यंत्रावर पावली म्हणजे मोटारीच्या पुढे टांगलेली लिंबू-मिरची, असे माझे मत झाले. मी नखाने टेप सोलली, पावली काढली आणि स्वयंपाकघरातल्या सुट्या पैशांच्या वाटीत टाकली. दांडीच्या मागच्या टोकाचे वजन किती आट्यांवर फिरवलेले होते हे टिपून ठेवायचे मला सुचले नाही. या शास्त्रातला माझा पहिला अपराध तो, आणि पुढचे सर्व अपराध त्याचीच पिलावळ आहेत.

आठवड्याने नानांचा फोन आला.

“यंत्र चाललं का रे?”

“चालतंय नाना. फक्त ती पावली काढली.”

“का?”

“अशास्त्रीय आहे हो ती.”

“बरं,” नाना म्हणाले. नानांच्या ‘बरं’चा अर्थ लागायला मला सात महिने लागले.

आता शास्त्राकडे वळू. रेकॉर्डच्या साच्याची मूळ तबकडी ज्या लेथवर कोरतात त्यावर कोरणारे हत्यार कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. ती रेकॉर्ड वाचणारी आपली दांडी मात्र एका बाजूला खिळलेली असते, त्यामुळे ती कमान काढत जाते. कोरणारा नाकासमोर चालला आणि वाचणारा वळणाने गेला, ही या विद्येची मूळ खोट. सुईची दिशा आणि खोबणीची दिशा यांत कोन पडतो आणि जेवढा कोन मोठा तेवढा आवाज चिरका. त्यावर दोन उपाय सापडले. सुई मधल्या खुंटीच्या थोडी पलीकडे पोचेल एवढी दांडी लांब ठेवायची, आणि दांडीचे डोके आत वळवायचे. टेक्निक्सच्या दांडीत खिळ्यापासून सुईपर्यंतचे अंतर २३० मिलिमीटर, खुंटीपलीकडची झेप १५ मिलिमीटर आणि डोक्याचे वळण २२ अंश.

एवढे केल्यावर काय मिळते? दोन बिंदू. कमान अशी बसते की संपूर्ण रेकॉर्डवर दोनच ठिकाणी सुईची दिशा खोबणीशी तंतोतंत जुळते. वीस मिनिटांच्या एका बाजूवर सुई सुमारे ४३० मीटर चालते, आणि एवढ्या वाटचालीत ती फक्त दोन क्षण खरे बोलते. बाकी सगळा वेळ ती कमीअधिक कोनात थाप मारत असते. सरळ रेषेत सरकणाऱ्या दांड्याही निघाल्या आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही. ज्याला वादच घालायचा नाही त्याच्यासाठी कोण ग्रंथ लिहील?

चूक टळत नाही, फक्त ती कुठे करायची एवढे आपल्या हाती उरते. हा सिद्धान्त एकदा मान्य केला की संप्रदाय सुरू होतात. आद्य आचार्य पर्सी विल्सन. त्यांनी १९२४ साली ‘द ग्रामोफोन’ या लंडनच्या मासिकात सुईच्या दिशेचा प्रश्न मांडला. त्या काळी साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक वजनाने रेकॉर्डवर बसे आणि पोलादी सुई एका बाजूला एक अशी खर्ची पडे. म्हणजे नांगर शेतात कितीही तिरका चालला तरी शेताने तक्रार करू नये अशी स्थिती होती. तरीही विल्सनना कोन खटकला. असे लोक प्रत्येक पिढीत एखाददुसरे निपजतात, आणि त्यांच्या घरच्यांविषयी मला नेहमी कणव वाटते.

त्यानंतर १९३८ साली स्वीडनच्या एरिक लोफग्रेन यांनी जर्मन भाषेत संपूर्ण गणित मांडले. १९४१ साली बेअरवाल्ड यांनी अमेरिकेत इंग्रजीत तोच प्रश्न सोडवला आणि उत्तर तेच आले. ते दोन जुळणारे बिंदू, म्हणजेच शून्यबिंदू, मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर. आज जगभर त्याला बेअरवाल्डची मांडणी म्हणतात. शोध आधी एकाने लावायचा आणि नाव इंग्रजीत लिहिणाऱ्याचे व्हायचे, हा अनुभव मराठी लेखकांना नवा नसल्याने त्यावर अधिक भाष्य करीत नाही. लोफग्रेन यांचे एक दुसरे उत्तरही आहे, ज्यात बिंदू ७०.३ आणि ११६.६ वर पडतात. पुढे १९६६ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये स्टीव्हनसन यांनी तिसरा पंथ काढला : ६०.३ आणि ११७.४.

तिन्हींतला भेद थोडक्यात असा. पहिला संप्रदाय म्हणतो, चूक कुठेही फार डोके वर काढता कामा नये. दुसरा म्हणतो, दोन्ही टोकांना ती वाढली तर वाढू द्या, एकंदर हिशेब कमी भरला म्हणजे झाले. तिसरा म्हणतो, बाकीचे राहू द्या, शेवट सांभाळा. तिघांतले अंतर पाचदहा मिलिमीटरचे, पण एका संप्रदायाचा माणूस दुसऱ्याच्या घरी रेकॉर्ड ऐकायला गेला तर पाणीसुद्धा सावधपणे पितो. दाते पंचांग पाहणाऱ्या घरी टिळक पंचांगवाली सून आली आणि एखाद्या वर्षी तिच्या माहेरचा गणपती महिनाभर आधी बसला, म्हणजे घरात जो शिष्टाचारयुक्त गारवा पसरतो तोच हा. तिथेही भांडण आकाशातल्या आरंभबिंदूच्या काही अंशांवरूनच आहे.

माझा कौल मात्र स्पष्ट आहे, आणि तो ख्यालगायकीवर आधारलेला आहे. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण खोबणीचा वेग सारखा नसतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खोबण जाते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे आतल्या बाजूला तेवढेच गाणे अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेले असते आणि चुकीला तिथे दया नसते. आता आपल्या गायकांची एलपी आठवा. बाहेरच्या प्रशस्त जागेत विलंबित ख्याल ऐसपैस बसतो. तिथे सुई थोडी तिरकी असली तरी आलाप पोटात घालतो. आणि जिथे जागा संपत आलेली असते, खोबण आक्रसलेली असते, नेमकी तिथे द्रुत बंदिश येते, ताना येतात, झाल्यास तराणा येतो. चाळीतल्या शेवटच्या खोलीत सगळे बिऱ्हाड कोंबावे तसे. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याने स्टीव्हनसनपंथी असावे, आणि अडीच मिनिटांची भावगीते एका बाजूवर पाच-सहा ऐकणाऱ्याने बेअरवाल्डपंथी असावे, असे मी प्रतिपादन करतो. ठुमरीवाल्यांनी आपापसात ठरवावे.

मौज अशी की टेक्निक्सच्या कारखान्याने जी मापे दिली आहेत त्यांचे शून्यबिंदू काढले तर ते ५८.८ आणि ११३.५ येतात. पण एलपीवरची शेवटची खोबण मुळात ६०.३ मिलिमीटरच्या आत जायची नाही असा संकेत आहे. म्हणजे नानांची दांडी पहिला खरा क्षण रेकॉर्डच्या मध्यावर गाठते आणि दुसरा खरा क्षण गाणे संपून दीड मिलिमीटर पुढे गेल्यावर. आयुष्यभर साधारण वागून निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कमालीचा नियमनिष्ठ झालेला एक हेडक्लार्क मला ठाऊक आहे. असो. अशा दांडीला ख्यालप्रधान म्हणायला हरकत नव्हती आणि तिला हात न लावणे हेच माझ्या सिद्धान्ताला धरून झाले असते. परंतु हा सिद्धान्त मला नंतर सुचला. त्याआधी मी बेअरवाल्डपंथी झालो होतो, कारण सगळेच होते.

टेक्निक्सच्या दांडीवर बेअरवाल्डची स्थापना करायची तर कार्ट्रिज पावणेतीन मिलिमीटर पुढे सरकवून पावणेदोन अंश आत वळवावे लागते. त्यासाठी कमान आखलेला कागद लागतो. तो मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, आरशाच्या तुकड्यावर चिकटवला, खुंटीत अडकवला आणि तीन रविवार त्यावर ओणवा राहिलो. कार्ट्रिजची बाह्य बाजू कमानीशी जुळवून भागत नाही. आतल्या केसाएवढ्या नळीची, जिच्या टोकाला हिरा आहे तिची, दिशा आरशातल्या प्रतिबिंबाशी एक झाली पाहिजे. हे पाहण्यासाठी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात भिंग आणि तिसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर धरावा लागतो. स्क्रू अडीच मिलिमीटर जाडीचे. ते घट्ट करताना कार्ट्रिज हमखास फिरते, आणि ते फिरू नये म्हणून ढिले ठेवले तर सैल राहते.

“अहो, दुपारी गाणं लावणार होता ना?” बायकोने दिवा लावता लावता विचारले.

“लावतोय,” मी आरशात पाहत म्हणालो.

तिसऱ्या रविवारी बिंदू जुळले. मी फूटपट्टी घेऊन सहज कागदावरचे अंतर मोजले. १२०.९ हवे होते, भरले ११७.३. छापताना मजकूर पानात मावावा म्हणून यंत्राने तीन टक्के आकसून घेतला होता. आतला बिंदू ६४ वर. म्हणजे बाहेरून मी स्टीव्हनसनपंथी, आतून बेअरवाल्डच्या वाटेवर दोन मिलिमीटर अलीकडे थांबलेला, आणि हा चौथा संप्रदाय ज्याने स्थापन केला त्याने पाच रुपये घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाचे आधार कार्ड छापायला घेतले होते. छापलेल्या प्रत्येक कागदावर आधी पट्टी ठेवावी. या संपूर्ण ग्रंथातील हे एकच वाक्य उपयोगी आहे.

तारांचे प्रकरण लहान आहे. कार्ट्रिजच्या पाठीला चार खुंट्या आणि हेडशेलमधून आलेल्या चार तारा : पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. लाल रंग उजव्यांकडे आणि पांढराशुभ्र डाव्यांकडे, ही वाटणी आपल्या राजकीय वाचकांना पचायला जड जाईल. भिऊन एका बाजूच्या तारा उलट लावल्या तर दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांना खाऊ लागतात आणि गायक दोन स्पीकरच्या मधून उठून जातो, त्याचा पत्ता लागत नाही. चिमटा वापरावा, जोर लावू नये.

आता भार. डीएल-१०३ ला अडीच ग्रॅम भार लागतो, उणेअधिक ०.३ ग्रॅम चालतो. अडीच ग्रॅम म्हणजे सराफी हिशेबाने साडेवीस गुंजा. नथीतला एखादा मोती याहून जड असू शकेल. सुईच्या टोकाची त्रिज्या साडेसोळा मायक्रॉन, त्यामुळे ती जिथे टेकते तिथल्या खोबणीला या साडेवीस गुंजांचे काय होत असेल ते खोबणीनेच सांगावे. यावरून सामान्य जनांत असा भ्रम पसरला आहे की भार जेवढा कमी तेवढी रेकॉर्ड सुखी. ते खोटे आहे. हलकी सुई खोबणीत बसत नाही, मोठ्या आवाजाला उधळते आणि भिंतींना आपटत जाते. जड पाहुणा एकदाच बसतो. हलका पाहुणा घरभर हिंडून सगळ्या वस्तूंना हात लावतो.

भार देण्याची रीत तराजूची आहे. मागचे गोल वजन फिरवीत फिरवीत दांडी हवेत आडवी तरंगू लागली की तोल साधला. मग आकड्यांची कडी शून्यावर आणून वजन पुढे फिरवायचे, अडीच येईपर्यंत. हे इतके सोपे आहे की त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. म्हणून मी दागिने तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. त्याने सांगितले २.९. मी वजन मागे घेतले. काट्याने अडीच म्हटले आणि गाणे सुरू केले तर गायिकेने सम गाठली की सुई दांडी मारू लागली. (मराठी भाषा प्रसंगी किती नेमकी असते पाहा.) दोन आठवड्यांनी उलगडा झाला. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो आणि काट्याच्या सांगाड्यात लोखंड. दोघांची आपसात ओढ होती आणि तिचा आकडा काटा माझ्या नावावर मांडत होता. अशा काट्याला अॅल्युमिनियमची उंच पायरी लागते. पण पायरी उंच केली की दांडी रेकॉर्डच्या पातळीवर राहत नाही आणि मोजमाप पुन्हा संशयास्पद होते. मी काटा बायकोला दिला. ती त्यावर केशर मोजते.

उरलेल्या दोन अध्यायांना मी फार जागा देणार नाही. पहिला ओढीचा. डोके आत वळवलेले असल्यामुळे खोबणीचे घर्षण दांडीला आत खेचते, घराकडे तोंड झालेला बैल खेचतो तसे, आणि त्या ओढीला उलट ताण देण्यासाठी एक छोटी चकती असते. ती भाराच्या आकड्याएवढी फिरवावी की निम्मी, यावर लोक खोबण नसलेल्या गुळगुळीत तबकड्या आणून प्रयोग करतात. गुळगुळीत तबकडीवर सुईचे पोट टेकत असते आणि खोबणीत तिच्या कुशी, म्हणून हा प्रयोग पोहणाऱ्याची परीक्षा गच्चीवर घेण्यासारखा आहे. दुसरा अध्याय दांडीच्या मागच्या बाजूच्या उंचीचा. टेक्निक्सवर ती सहा मिलिमीटर वरखाली होते. धारदार, चपट्या सुया वापरणारे लोक त्यात आयुष्य घालवतात आणि रेकॉर्डच्या जाडीप्रमाणे उंची बदलतात. डीएल-१०३ ची सुई गोल आहे. गोल वस्तूला पाठ आणि पोट नसते. दांडी आडवी दिसली की पुढे चालावे.

यानंतर आपण या ग्रंथाच्या गाभ्याशी येतो.

कार्ट्रिजमधली सुई एका इवल्याशा रबरी गादीवर डोलत असते. वर दांडीचे वस्तुमान, खाली रबराची लवचीकता : हा झोपाळा झाला. प्रत्येक झोपाळ्याला स्वतःचा एक ठेका असतो आणि त्याच ठेक्यात कोणी धक्का दिला तर तो नको तेवढा वर जातो. दांडीचा ठेका फार खाली असला तर वाकलेली रेकॉर्ड आणि खोलीतून चालणारे माणूस तिला झोके देते. फार वर असला तर तो संगीताच्या प्रदेशात शिरतो. म्हणून सेकंदाला ८ ते १२ आंदोलने ही लक्ष्मणरेषा विद्वानांनी ठरवली आहे. गणित चौथीतल्या मुलाला येण्यासारखे, फक्त वर्गमूळ सोडून : वस्तुमान ग्रॅममध्ये घ्या, लवचीकतेच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याने १५९ ला भागा.

नानांच्या दांडीचे परिणामी वस्तुमान १२ ग्रॅम, कार्ट्रिज साडेआठ, स्क्रू एक. एकूण साडेएकवीस. लवचीकतेपाशी मात्र थांबावे लागते. डेनॉन ५ हा आकडा देते, पण जपानी कारखाने तो १०० आंदोलनांवर मोजतात आणि आपल्याला हवा असतो १० वरचा, जो साधारण दीडपट ते दुप्पट असतो. म्हणजे साडेसात ते दहा. मी ८ धरला. साडेएकवीस गुणिले आठ, १७२. वर्गमूळ १३.१. भागाकार १२.१.

लक्ष्मणरेषा १२ ची. दांडी एक दशांशाने बाहेर.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो. मग, कशाने कोण जाणे, वस्तुमानात अडीच ग्रॅम मिळवून पाहिले. चोवीस गुणिले आठ, १९२. वर्गमूळ १३.९. भागाकार साडेअकरा. दांडी रेषेच्या आत. आणि तांबे-निकेलच्या जुन्या पावलीचे वजन, नाणी गोळा करणारा कोणीही सांगेल, अडीच ग्रॅम असते.

पूर्वपक्ष विचारील की ८ च का धरले? शंका योग्य आहे. १० धरले तर पावलीशिवायही दांडी १०.८ वर, सुखरूप. ७ धरले तर पावलीसकटही १२.३ वर, बाहेर. म्हणजे पावलीमुळे फरक पडतो असा आकडा ८ च्या आसपासच सापडतो, म्हणून ८ धरणे हेच शास्त्रशुद्ध होय. ज्याला हा युक्तिवाद पटत नाही त्याने आपल्याकडची पुराणवस्तूंची कालनिश्चिती एकदा वाचावी.

तरी एक गाठ राहिली. पावली भार म्हणून ठेवली होती की वस्तुमान म्हणून? आधी तोल साधून, मग कडी शून्यावर ठेवूनच पावली ठेवली, तर ती अडीच ग्रॅम भार झाली. कार्ट्रिजला लागतो नेमका तेवढाच. पण पावलीसकट तोल साधून मग कडी अडीचवर फिरवली, तर पावलीचा भार मागच्या वजनाने पोटात घातला आणि उरले ते शुद्ध वस्तुमान. वस्तू तीच, जागा तीच, चिकटपट्टीही तीच. पण हेतूनुसार पदार्थाची जातच बदलली. नैयायिकांनी दोन पिढ्या यावर काढल्या असत्या. मी नानांना फोन लावला.

“नाना, पावली ठेवून तोल साधायचा, की तोल साधून पावली ठेवायची?”

“पावली ठेवून तोल. मग अडीच.” एवढ्या वर्षांनी विचारले तरी नाना अडखळले नाहीत. “पावली भारात मोजायची नसते रे, ती दांडीत मोजायची.”

“हे तुम्ही कुठे वाचलंत?”

“त्यात वाचायचंय काय? नुसतीच लावली तेव्हा तंबोरा बसत नव्हता. पावली ठेवली, बसला.” मग थोड्या वेळाने, “सापडली का?”

सापडली नव्हती. मी वाटी शोधली तेव्हा वाटी होती, पैसे नव्हते. मागल्या संकष्टीला बायकोने त्या वाटीतले सगळे न चालणारे सुटे पैसे देवळातल्या दानपेटीत टाकले होते. ३० जून २०११ पासून पावली चलनातून गेली आहे. दुकानदार घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, पण देव घेतो. आणि दानपेटीतली रक्कम वस्तुमानाच्या कारणास्तव परत मागता येईल अशी तरतूद मला कुठल्या धर्मग्रंथात आढळली नाही. पुजाऱ्यांना विचारून पाहिले. त्यांनी मला प्रसाद दिला.

पर्यायांचा विचार केलेला आहे. १९८८ पासून आलेली पोलादी पावली मिळते, आमच्या शेजाऱ्यांकडेच तीन आहेत. तिच्यावर गेंडा आहे. वजन सुमारे २.८३ ग्रॅम, म्हणजे कोणी ती भार म्हणून वापरली तर डेनॉनची २.८ ची वरची मर्यादा तीन सेंटिग्रॅमने ओलांडली जाते. वस्तुमान म्हणून तिला हरकत नसती, पण पोलाद चुंबकाला चिकटते आणि खाली चुंबक आहे. काट्याने एकदा शिकवलेला धडा मी विसरलेलो नाही. शिवाय साडेसोळा मायक्रॉनच्या टोकावर अख्खा गेंडा बसवायला मन धजत नाही. सध्याचा रुपयाही पोलादी, तीन ग्रॅमच्या वर. चार आण्यांचे काम रुपयात करून घ्यायचे तर मग एवढे शास्त्र शिकलो कशाला?

मी कार्ट्रिज पुन्हा कारखान्याच्या मापावर नेऊन ठेवले आहे. भार अडीच. दांडी तूर्त १२.१ वर आहे आणि तंबोरा, नाना म्हणतात तसा, बसत नाही. तरी ज्या वाचकांच्या घरी, देव्हाऱ्यात, शिवणाच्या डब्यात किंवा बंद पडलेल्या यंत्राच्या दांडीवर १९८८ च्या आधीची तांबे-निकेलची पावली असेल, त्यांनी कृपया संपादकांमार्फत कळवावे. मोबदला एक रुपया मिळेल. गेंडा पाठवू नये.